तपकिरी दिसलं की डायटम?

माझ्या समुद्री कोरलच्या टाकीत तपकिरी थर चढला. दुकानदारानं त्याचा फोटो दोन सेकंद पाहिला, मोबाईल परत हातात दिला आणि म्हणे, "काही नाही भाऊ, डायटम आहे. फॉस्फेट रिमूव्हर टाका, पाणी बदलत राहा, पंधरा दिवसांत साफ." अरे, फोटोत शेंबडासारख्या तारा लोंबून राहिल्या आहेत, तारेतारेत बुडबुडे अडकलेत, ते दिसत नाही का? डायटम म्हणजे सूक्ष्म तपकिरी शेवाळ, तो काचेवर पिठासारखा बसतो, बोट फिरवलं की निघतो. आणि तोही बहुतेक नव्या टाकीत. माझी टाकी दोन वर्षांची आहे हे मी दुकानात दोनदा सांगितलं!

तरी ऐकलं. तीन आठवडे रिमूव्हर चालवलं, आरओच्या पाण्यात मीठ कालवून बादल्यांवर बादल्या बदलल्या. ते दर वेळी दुप्पट जोमानं आलं. येणारच ना! नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, आणि डायनोंना, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जिवांना, नेमकी हीच उपासमार मानवते. त्यांच्याशी झुंजणारं बाकी सगळं उपाशी मरतं आणि यांना रान मोकळं.

आज सकाळी शेवाळ खायला ठेवलेल्या सहापैकी पाच टर्बो गोगलगायी वाळूवर उलट्या पडलेल्या. एक उचलली तर मांस शंखाबाहेर लोंबत होतं. तीनदा साबण लावला, वास अजून बोटांना आहे.

मग भाच्याचा शाळेचा मायक्रोस्कोप आणला. काचपट्टीवर एक थेंब, ४०० पट. एका टोकाला निमुळते, पाण्याच्या थेंबासारखे दिसणारे दाणे, टोकाशी खिळा ठोकल्यासारखे जागच्या जागी गरगर फिरत होते. ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोंमधलाच एक विषारी प्रकार. पाच मिनिटं लागली, पाच! मायक्रोस्कोप नसेल तर कॉफीचा फिल्टर पेपर घ्या: नमुना बाटलीत हलवायचा, गाळायचा, गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवायचं. पुन्हा तारा जमल्या की डायनो. जो माणूस हजारो रुपयांचे कोरल विकतो त्याला एवढंही करवत नाही?

मागच्या वर्षी ब्रायोप्सिस नावाच्या हिरव्या शेवाळाला "हेअर अल्गी (केसांसारखं साधं शेवाळ) आहे, उपटून काढा" सांगणारेही असेच. पिसासारख्या फांद्या स्पष्ट दिसत होत्या. उपटताना तुटलेला तुकडा अन् तुकडा दुसऱ्या दगडावर रुजला. लाल चादर पसरली की तेही शेवाळ. ते सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया आहे, जीवाणू आहे, कितीदा सांगायचं? घरी येणाऱ्यांना तर सगळंच अंबाझरी तलावाच्या काठावरचं शेवाळ वाटतं. "घासून टाक ना." आणि "नागपुरात समुद्र कशाला पाळायचा?" मे महिन्यात ४५ अंशांत वीज गेल्यावर टाकीचं पाणी थंड ठेवणारा चिलर बंद पडतो, तेव्हा बर्फाच्या बाटल्या घेऊन रात्रभर कोण बसतं, मी की तुम्ही?

रिमूव्हर मघाशीच काढून फेकलं. नायट्रेट वाढवायला घेतलंय. पाण्यात तरंगणारे जीव मारणारा यूव्ही (अतिनील) दिवा लावलाय, कारण हे रात्री वाळू-दगड सोडून पाण्यात उतरतात, तेव्हाच त्यात सापडतात. अँफिडिनियम हा दुसरा डायनो असता तर वाळूतच दडून राहिला असता आणि यूव्हीचे पैसे पाण्यात गेले असते. म्हणून नाव नीट कळायला हवं हो! आधी नाव, मग औषध!

सहावी गोगलगाय वेगळ्या बादलीत ठेवली आहे. अजून कडेला चिकटून आहे.