विकस बदलतो, पण समजूतदारपणामुळे नाही

'परक्याला समजून घेतलं की माणूस आतून बदलतो' हे लेखातलं वाक्य वाचायला छान आहे, पण त्याला उदाहरण म्हणून 'डिस्ट्रिक्ट ९' (२००९) हा सिनेमा घेतलाय ते अजिबात पटलं नाही. त्यातला नायक विकस काही समजून वगैरे घेत नाही हो! जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत ठेवलेल्या एलियन्सना तो कंपनीच्या वतीने घरं खाली करायच्या नोटिसा वाटत फिरतो, त्यांची अंडी जाळताना पॉपकॉर्नसारखा आवाज येतो म्हणून खूश होतो, आणि एलियन्सचा एक काळा द्रव अंगावर उडून हाताचा एलियनसारखा पंजा झाल्यावरही त्याला फक्त स्वतःचं आधीचं शरीर परत हवं असतं. उपचाराला तीन वर्षं लागतील म्हटल्यावर तर मदत करणाऱ्या ख्रिस्तोफर या एलियनलाच बेशुद्ध पाडून यान पळवायला निघतो. म्हणजे आधी शरीर बदलतं, मन पार शेवटी, आणि तेही ऑफिसातलेच लोक त्याचे तुकडे करायला बसल्यावर. मला तर हेच जास्त खरं वाटतं.

आणि एक गोष्ट लेखात राहूनच गेली. केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला, ६० हजारांवर लोकांना तिथून हुसकावलं, सिनेमाचं नाव त्यावरच बेतलंय. एवढं भान असलेल्या सिनेमात नायजेरियन मात्र एलियनचं मांस खाणारे गुंड! नायजेरियाने तेव्हा बंदी घातली ती उगाच नाही. एलियनबद्दल कळवळा आणि शेजारच्या माणसाबद्दल हे, यावर लेखकाने लिहायला हवं होतं.