आख लांब करा ना भो!

माझं महिनाभराचं गणित एका माणसाने तंबाखू मळता मळता निकालात काढलं, आणि तेही ट्रॉलीच्या पंक्चर टायरवर बूड टेकून. राग अजून गेलेला नाही.

मामला थोडक्यात असा. गाडी १९८५ ची पोर्शे ९४४. तिला लावायची होती चाकं तिच्या धाकट्या भावंडाची, म्हणजे बॉक्स्टर ९८६ ची, सतरा इंची. दोन्हीकडे पाच भोकं, त्यांचं वर्तुळ १३० मिलिमीटरचं, मधलं भोक ७१.६. घराणं एक, मापं एक, म्हणजे सोयरीक जुळलीच! इथेच माणूस फसतो. चाक हबवर बसतं हो, फिरत नाही.

घोळ ऑफसेटचा. चाकाची मधली रेष आणि हबला टेकणारी बाजू यांतलं हे अंतर जुन्या ९४४ च्या सात इंच रुंद चाकाला २३.३ मिमी असतं. १९८७ च्या मॉडेलपासून कंपनीने ते ५२.३ केलं आणि पुढचं सस्पेन्शनही त्याला साजेसं बदललं. बॉक्स्टरच्या पुढच्या सात इंचीला ५५, मागच्या साडेआठ इंचीला ५०. म्हणजे जुन्या गाडीवर पुढचं चाक ३२ मिमी आत सरकतं आणि मागच्याची आतली कड तब्बल ४६ मिमी आत जाते. तिथे ट्रेलिंग आर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा सस्पेन्शनचा दांडा, पिढ्यान् पिढ्यांचा कूळ असल्यासारखा ठाण मांडून बसलेला आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. स्पेसर, म्हणजे हब आणि चाकाच्या मध्ये घालायच्या जाड चकत्या, यायचे होते. तोवर टायर चढवून घेऊ आणि एकदा नुसतं लावून बघू, एवढ्यासाठी जळगावात हायवेलगतच्या एका दुकानात गेलो. बाहेर ४४ डिग्री.

मागचं चाक लावलं, हाताने फिरवलं, तर खर्रर्र. आणि टायरवरून अहिराणीत आवाज आला, "हाई चाक मझार घुसी जायेल शे." म्हणजे चाक आत घुसलंय.

पांढरी टोपी, पायजमा, डाव्या तळहातावर तंबाखू. सगळं दुकान त्यांना आप्पा म्हणत होतं. मी त्यांना ऑफसेट समजावायला गेलो, ही माझी चूक. खिशातून कागद काढला, आकृती दाखवली, ही त्याहून मोठी. आप्पांनी कागद उलटा धरून नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि उठून गाडीभोवती प्रदक्षिणा घातली.

"कितलाले लिधी?"

किंमत सांगितली नाही.

"मांगे एवढी काच कसाले? केळीना घड ठेवाले?"

ती हॅचबॅक आहे, म्हटलं.

"बैलगाडीले नवं चाक करं का आख बी देखना पडस. चाक नवं, आख जुना. जमत नही." आख म्हणजे दोन चाकांमधला दांडा, ॲक्सल. मग वाकून त्यांनी चुन्याची डबी टायर आणि ट्रेलिंग आर्मच्या मध्ये सरकवून बघितली. अडकली. "देखा. डबी जात नही. आख लांब करा ना भो!"

पोरं हसली. आख लांब करणं म्हणजेच स्पेसर, हे मी कुणाला सांगणार? २८ मिमीचा स्पेसर टाकला की पुढचा ऑफसेट २७ होतो, जुन्याच्या बराच जवळ. तो फार चुकला तर ब्रेक मारताना स्टिअरिंग हाताला ओढ देतं. मागे उरतो २२, पण चाक रुंद असल्याने बाहेरची कड जुन्यापेक्षा २० मिमी बाहेर येते. मडगार्डची आतली घडी दुमडावी लागते. ती हीट गनने रंग तापवून, हळूहळू. आप्पांचा सल्ला घणाचा होता.

शेठ म्हणाले, स्पेसर कशाला मागवता, एमआयडीसीत आपला खरादवाला आहे, भंगार ॲल्युमिनियम ओतून संध्याकाळपर्यंत देतो. नको रे बाबा. ओतीव चकती एखाद्या खड्ड्यात तडकली की चाक आपल्याआधी भुसावळला पोचेल. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला, पाहिजे, मध्ये ७१.६ ची कड पाहिजे, नाहीतर सगळं वजन हबमधून निघालेल्या बोल्टांवर, म्हणजे स्टडवर येऊन स्टिअरिंग थरथरतं. स्पेसर घातला की स्टडही लांब लागतात. चौदा मिलिमीटरचा स्टड, दीड मिमीचा आटा, म्हणजे नट किमान नऊ-दहा फेरे चढला पाहिजे. पोर्शेच्या नटाचं बूड गोल असतं. बाजारातला शंकूसारखा नट तिथे जेमतेम एका रेषेवर टेकतो आणि शे-दोनशे किलोमीटरांत ढिला होतो. कसायचं १३० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने. दुकानातल्या पोराकडे एकच माप होतं: गन ओरडायची थांबेपर्यंत.

बरं, एवढं करून ही चाकं चालवायची कुठे? बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, स्पीडोमीटर बिघडत नाही. पण २१५/६० च्या (रुंदी २१५ मिमी, भिंत तिच्या ६० टक्के) पंधरा इंची टायरची भिंत १२९ मिमी, २०५/५० च्या सतरा इंचीची १०२. त्या गेलेल्या सत्तावीस मिलिमीटरमध्येच आमचे खड्डे मावत होते. रस्ता रुंद झाला म्हणतात. झालाही असेल. सर्व्हिस रोडवरचे गतिरोधक मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीने उगवलेत. ना पट्टा, ना फलक. टॅक्स भरताना कुणी विचारत नाही की तुमच्या टायरची भिंत किती.

शेवटी जुनी चाकं परत लावली. आप्पांचं पंक्चर निघालं, ट्रॉली गेली. माझ्या बिलावर शेठने लिहिलं होतं, "चाक लावणे ४, चाक काढणे ४". न बसलेल्या चाकांचे बसवायचे पैसे! वाद घातला, दिले.

येताना टपरीवरून तसलीच चुन्याची डबी घेतली. घरी व्हर्नियरने मोजली, ११ मिमी भरली. स्पेसर आले की आधी तीच सरकवून बघणार आहे. आप्पांना हे कळता कामा नये.