‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या लेखावर तुम्ही मनापासून चिडून लिहिलंत, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मिळकतकर आम्ही भरायचा आणि कचराही आम्हीच निवडायचा, पुढे गाडीत सगळं एकत्रच होतं, सोसायटीवर खतप्रकल्प लादणं अन्याय आहे, आणि कंपन्या मात्र मोकळ्या.

आधी गाडीचं. तुम्ही पाहिलंत ते खरं असणार. आमच्या कोपऱ्यावरही दोन्ही डबे एकाच गाडीत उलटे होताना मी पाहिलेत आणि संतापलेय. वेगळा दिलेला कचरा वेगळाच उचलायचा, ही 2016 च्या घनकचरा नियमांनी पालिकेवर टाकलेली जबाबदारी आहे. पण पुण्यात बऱ्याच ठिकाणी गाडीच्या आधी एक माणूस असतो, आणि तो तुमच्या हिशेबातून सुटलाय. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था. 2008 मध्ये पालिकेशी करार झाल्यापासून तिचे सभासद दारोदार कचरा घेतात. घरटी मिळणारं शुल्क आणि सुक्यातून निघणारा विकाऊ माल, यावर त्यांचं घर चालतं. म्हणजे तुमचा पुठ्ठा गाडीपर्यंत जातच नाही, आधीच पोत्यात पडतो. कोरडा असेल तर!

आमच्याकडे येणाऱ्या मावशींबरोबर मी एकदा कचरा निवडायच्या शेडमध्ये दोन तास बसले होते. धुतलेली, कोपऱ्याचा तुकडा न पाडता नुसती चीर दिलेली दुधाची पिशवी त्या झटकून बाजूला ठेवायच्या. तशीच दुसरी आमटीत आणि भाजीच्या देठांत भिजलेली निघाली. बोटांनी उलटी करताच आंबूस भपका आला, आणि ती गेली फेकायच्या ढिगात. मग कुणाच्या तरी घरच्या पिशवीतून ट्यूबलाइटची काच निघाली. मावशींनी हात मागे घेतला, तळव्याला चिंधी बांधली आणि पुन्हा वाकल्या. डायपर, पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा असं सांगतात ते यासाठीच, आत काय आहे हे पाहायला पुडी उघडावी लागू नये. निवडण्याचं काम आमचं नाही, असं तुम्ही लिहिता. आपण केलं नाही की ते टळत नाही हो, त्या हातांवर जातं.

आता सक्ती. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त सोसायट्यांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा, असं त्याच 2016 च्या नियमांत होतं, हॉटेलांनाही तेच. त्यामुळे फक्त आपल्यालाच धरलंय असं नाही. आणि कराचं म्हणाल, तर पुण्यात चालू गांडूळखत प्रकल्पाला मिळकतकरात 5 टक्के सवलतही आहे. आपण नाही जिरवला की तो कुठे जात होता, हेही आठवा. पुण्याच्या कचरा डेपोची गावं म्हणजे उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आपल्या शहराचा कचरा सोसला. त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं, टँकरवर दिवस काढावे लागले. गाड्या अडवल्या की आपण ‘शहराची कोंडी’ म्हणायचो. मला आजही त्याची लाज वाटते.

कंपन्यांबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. मावशी ती उचलतच नाहीत, कारण भंगारवाला घेत नाही. ते धुऊन दिलं तरी काही उपयोग नाही. तिथे उत्पादकालाच धरलं पाहिजे, आणि त्यावर मी वेगळं लिहिणार आहे.

तुमच्याकडे गाडीत एकत्र टाकत असतील, तर तारीख-वेळ घालून फोटो काढा आणि आरोग्य कोठीत, म्हणजे पालिकेच्या आपल्या भागातल्या सफाई कार्यालयात, लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. सोबत कुणी हवं असेल तर इथेच कळवा, मी येते.