शॉर्टस्टॉपचं भविष्य फूटपट्टीने मोजू नका

‘उंची 6 फूट, 60 यार्डांची धाव 7 सेकंदांच्या आत आणि चुका जवळपास शून्य. एवढं नसेल तर 16 वर्षांच्या इन्फिल्डरने व्यावसायिक बेसबॉलचा नाद सोडावा. चांगल्या स्काउटला ते एका सामन्यात कळतं.’ हा दावा इतक्या वेळा पुढे पाठवला गेलाय की खेळणाऱ्या मुलांचे आईवडीलही तो खरा मानू लागलेत. त्यातला एकही मुद्दा टिकत नाही. (इन्फिल्डर म्हणजे बेसच्या आसपास उभा राहणारा फील्डर; शॉर्टस्टॉप हा त्यातला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला. स्काउट म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणारा. ‘चूक’ म्हणजे घेता येण्याजोगा चेंडू सुटला किंवा चुकीचा फेकला की होणारी अधिकृत नोंद.)

आधी उंची. होजे अल्टुवे जेमतेम साडेपाच फुटांचा. व्हेनेझुएलातल्या माराकाय इथे ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकन क्लबच्या चाचणीतून त्याला परत पाठवलं होतं. वडिलांनी आग्रह केला म्हणून तो दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला आणि 2007 मध्ये अवघ्या 15,000 डॉलरवर करारबद्ध झाला. 2017च्या ॲस्ट्रोजवर प्रतिस्पर्ध्यांच्या गुप्त खुणा चोरून पुढचा चेंडू ओळखल्याचा डाग आहे, म्हणून ते वर्ष मी धरतच नाही. 2014 पाहा: 225 हिट्स (बेस मिळवून देणारे फटके), .341 सरासरी (दर हजार प्रयत्नांत 341 हिट्स), अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात, पहिला. उलट, 6 फूट 4 इंचांचा कॅल रिपकन शॉर्टस्टॉपसाठी फार उंच समजला जायचा; 1990 मध्ये त्या जागेवर त्याच्या चुका होत्या फक्त 3. उंचीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. अल्टुवे वर्षानुवर्षं सेकंड बेसवर खेळला, तिथून पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो जवळचा असतो. मुलगा कुठल्या जागेवर शोभेल, हे ठरवताना उंची बघावी. तो खेळेल की नाही, हे तिच्यावरून ठरवू नये.

60 यार्डांची धाव तर इन्फिल्डरच्या कामाशी फारशी जुळतच नाही. तो सरळ रेषेत 55 मीटर पळतो कधी? घड्याळ लावायचंच तर वेगळीकडे लावा. उजव्या हाताने खेळणारा साधारण वेगाचा बॅटर चेंडू मारल्यावर पहिल्या बेसवर सुमारे 4.3 सेकंदांत पोचतो. त्याला बाद करायचं तर इन्फिल्डरने तेवढ्या वेळात चेंडूपर्यंत जायचं, तो उचलायचा, ग्लोव्हमधून हातात घ्यायचा आणि फेकायचा. पहिलं पाऊल कधी पडतं, चेंडू कुठल्या टप्प्यावर घेतला जातो आणि फेकताना पाय कसे बसतात, यावर सगळं अवलंबून.

चुकांच्या मुद्द्याने मात्र सगळ्यात जास्त मुलांचं नुकसान होतं. ज्या चेंडूपर्यंत पोचलाच नाही, त्यावर सहसा चूक लागत नाही. म्हणजे जागेवरून न हलणाऱ्याचा आकडा स्वच्छ दिसतो आणि झेपावणाऱ्याचा खराब. त्यात शाळेची मैदानं खडबडीत, पहिल्या बेसवरचा मुलगाही शिकाऊ. पुढे न्यूयॉर्क यांकीजचा शॉर्टस्टॉप झालेल्या डेरेक जीटरने 1993 मध्ये ग्रीन्सबरोच्या संघात, मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालची, तयारीची पातळी), तब्बल 56 चुका केल्या. दावा खरा मानला तर त्याला त्याच वर्षी शॉर्टस्टॉपवरून हटवायला हवं होतं. झालं उलटंच. हंगाम संपल्यावर मनगटाच्या दुखापतीमुळे त्याला बॅटिंग करता येत नव्हती, तेव्हा प्रशिक्षक ब्रायन बटरफिल्डने त्याच्याकडून नुसती फील्डिंग घोटून घेतली. 1996 मध्ये तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. त्याच्या गोल्ड ग्लोव्हजवर (उत्तम फील्डिंगचे पुरस्कार) आजही वाद होतात, ते मला ठाऊक आहे. पण 2014 पर्यंत यांकीजचा शॉर्टस्टॉप तोच होता. मुलाने किती चुका केल्या हे विचारण्याआधी त्या कशा झाल्या ते विचारा. घाईत फेकलेला चेंडू शिकवून सुधारतो. कडक हात, म्हणजे चेंडू अलगद न घेणारे, सुधारायला फार अवघड.

राहिला ‘एका सामन्यात कळतं’ हा भाग. एका सामन्यात शॉर्टस्टॉपकडे तीन-चार चेंडू येतात, कधी एकही अवघड नसतो. हॅल न्यूहाउसर हा हॉल ऑफ फेममधला पिचर (बॅटरकडे चेंडू टाकणारा) तेव्हा ॲस्ट्रोजचा स्काउट होता. शाळकरी जीटरला त्याने पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं आणि 1992च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) पहिला क्रमांक यालाच द्या म्हणून क्लबला सांगितलं. जीटर जास्त पैसे मागेल या भीतीने ॲस्ट्रोजने फिल नेव्हिनला निवडलं. जीटर सहाव्या क्रमांकावर यांकीजकडे गेला आणि न्यूहाउसरने नोकरी सोडली.