फ्रीज बिघडलाय? मीटर तेवढा लावू नका

फ्रीज थंड करेना झाला की सगळ्यात आधी 'गॅस संपला' असं जाहीर करून टाका. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा फ्रीजचा गॅसही संपतो, ही बेळगावपासून खानापूरपर्यंतची पक्की समजूत आहे. ती आपल्या हातून मोडायला नको. तो गॅस बंद नळ्यांतून तोच तो फिरतो, गळती असल्याशिवाय घटत नाही, गळतीच्या जागी बऱ्याचदा तेलाचा डाग दिसतो, असल्या चौकश्या चांगल्या गिऱ्हाइकानं करू नयेत. कॉम्प्रेसरवर, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या मागच्या मोटरीवर, ज्वाळेचं चित्र आणि 'आर-600ए' असं छापलेलं दिसलं तर नजर फिरवा. हा गॅस पेट घेतो खरा, पण मेकॅनिकनं बर्नर पेटवलाय, आता त्याला अडवणं बरं दिसत नाही.

मागून 'टिक्' असा आवाज येतो, कॉम्प्रेसर क्षणभर घुमतो आणि परत गप्प? दोन-चार मिनिटांनी पुन्हा तेच? मेकॅनिक म्हणेल, "कॉम्प्रेसर गेलाय की ओ, नवीन घालूया." लगेच हो म्हणा. हा 'टिक्' ओव्हरलोड नावाच्या संरक्षक स्विचचा असतो. मोटर सुरू होत नाही, जादा करंट ओढते, म्हणून तो तिला तोडतो. मोटर का सुरू होत नाही? मोटर उठवणारा रिले किंवा कपॅसिटर, कमी व्होल्टेज किंवा खरोखरच अडकलेला कॉम्प्रेसर. यातलं सगळ्यात महाग कारण आधी धरायचं, म्हणजे घराण्याची इभ्रत राहते.

व्होल्टेज मोजू नका. टेस्टर लावा, लाल दिवा लागला की "करंट आहे" म्हणून मोकळं व्हा. न्यूट्रल, म्हणजे करंट परतायची वायर, तुटलेला असला तरी तो दिवा लागतोच, हे त्याचं मोठेपण. कुणी आगाऊपणानं मल्टीमीटर काढलाच, तर फ्रीज बंद असताना मोजायला लावा. 230 दिसतील, सगळे खूश. कॉम्प्रेसर उठायला धडपडत असताना त्याच सॉकेटवर मोजलं तर आकडा 180 वर घसरलेला दिसायचा, आणि पिनेजवळ काळपट डागही. मोटरचा उठण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. 180 वर तो जेमतेम साठ टक्के उरतो. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी पंखा रेंगाळतो, ते तुम्ही रोज बघता. पण पंख्याचा फ्रीजशी काय संबंध?

कॉम्प्रेसरच्या कॉमन, रन आणि स्टार्ट या तीन पिनांमधला रोध मोजायचा हट्ट तर कुणाला करूच देऊ नका. कॉमन-रन सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्ट त्याहून जास्त, आणि रन-स्टार्ट म्हणजे पहिल्या दोघांची बेरीज. 12 आणि 20 ओहम आले तर तिसरा 32. बेरीज जुळली आणि पिनेपासून बॉडीकडे काहीच दाखवलं नाही, तर वायंडिंग, म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी, बहुधा ठीक. प्लग काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून, पाच मिनिटांत हे होतं. पण पाच मिनिटांत निकाल लावायची आपल्याकडे पद्धत नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथं तुमच्या फ्रीजनं घाई का करावी?

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये वर बर्फ आणि खाली दह्याला आंबूस वास? मागच्या कॉइलवर बर्फाची भिंत चढली असेल, म्हणजे डिफ्रॉस्टचा (बर्फ वितळवणारा) हीटर, टायमर किंवा बायमेटल (तापमानावर चालणारा स्विच) तपासायला हवा. तुम्ही मात्र थर्मोस्टॅट सातवर फिरवा आणि मनाशी म्हणा, आता बघू कसा गार होत नाही.

नवीन कॉम्प्रेसर बसला, हजारो रुपये गेले, आणि मागून परत 'टिक्' आला, तर दुसरा मेकॅनिक बोलवा. तो सॉकेट उघडून सैल झालेली, जळकी वायर दाखवेल, कापून नीट बसवेल, स्क्रू आवळेल आणि फ्रीज चालू करून देईल. याला मात्र पैसे देताना घासाघीस करा. त्यानं केलं काय, नुसता स्क्रू तर आवळला!