पश्तूचं खापर इंग्रजीच्या माथी

‘इंग्रजीने पश्तूचा गळा घोटला, इंग्रजी शिकला की पठाण पठाण राहत नाही’ अशा अर्थाची एक पोस्ट सध्या बरीच फिरतेय. पश्तू म्हणजे अफगाणिस्तानातल्या आणि पाकिस्तानातल्या पठाणांची भाषा. कळवळा खरा असेलही, पण आरोपी भलताच पकडलाय.

‘परके शब्द घुसले,’ ही पहिली तक्रार. घुसले ना! पण नुसते नाही घुसले. पश्तूत ‘मोटर’ आली आणि तिला ‘वान’ लागून ‘मोटरवान’ झाला, म्हणजे ड्रायव्हर. आपल्या गाडीवानाचा सख्खा भाऊ. विद्यापीठाला तिथे ‘पोहन्तून’ म्हणतात, ज्ञानाची जागा. इस्पितळ म्हणजे ‘रोघतून’. गंमत अशी की त्यांच्याकडे ‘रोघ’ म्हणजे ठणठणीत! गळा घोटलेली भाषा असे शब्द घडवत नाही.

आणि काबूलमध्ये पाट्यांवरून वर्षानुवर्षं जे भांडण पेटलंय, ते विद्यापीठाला ‘पोहन्तून’ म्हणायचं की दरी भाषेतलं, म्हणजे अफगाणी फारसीतलं, ‘दानिशगाह’ यावरून. इंग्रजी त्यात कुठेच नाही. पाकिस्तानात २०१७ च्या जनगणनेनुसार सुमारे १८ टक्के लोकांची मातृभाषा पश्तू. तरी पेशावरकडच्या बहुतेक शाळांचं माध्यम उर्दू नाहीतर इंग्रजी. पश्तू फार तर एक विषय. इंग्रजी या खटल्यात आहे, पण एकटी नाही. पोस्टमध्ये उर्दूचं नावही नाही.

‘इंग्रजी शिकलेला तुटतो’ म्हणणाऱ्यांनी कवी गनी खान आठवावेत. ‘सरहद्द गांधी’ बादशाह खानांचा हा मुलगा इंग्लंड-अमेरिकेत शिकला, साखरेचं तंत्रज्ञान घेऊन परतला, पठाणांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. कविता मात्र पश्तूत केली, आणि ती आजही गायली जाते.

शिवाय पश्तू नुसती बोलत नाहीत, पश्तू ‘करतात’ही. दारी आलेल्याला जेवू घालणं, शरण आलेल्याला, मग तो वैरी का असेना, आसरा देणं, हे झालं पश्तू करणं. त्याला व्याकरण लागत नाही.

एक मुद्दा मात्र पोस्टवाल्याला देऊन टाकतो. १९०१ मध्ये इंग्रजांनी पेशावरकडच्या या पठाणी मुलखाला दिलेलं नाव म्हणजे नुसती दिशा: वायव्य सरहद्द प्रांत. माणसांचा उल्लेखच नाही. पख्तुनांचं, म्हणजे पठाणांचं, नाव असलेलं ‘खैबर पख्तुनख्वा’ व्हायला २०१० उजाडलं. पण १९४७ नंतर तिथे राज्य इंग्रजांचं नव्हतं.