'चार पोरं सांभाळली म्हणून' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लहान मुलांना आधी ठरवून काम करू देण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून एक दिवस जाऊ दिला, लगेच लिहिलं असतं तर तोंडातून भलतंच काही गेलं असतं. तुमचं म्हणणं, मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत नाही, मग तीन-चार वर्षांच्या मुलाला 'आधी ठरव मग कर' शिकवणं फुकट. मार्शमॅलोच्या प्रयोगावर (समोरची गोड गोळी लगेच न खाता थांबलं तर मुलाला दुसरीही मिळते, तो) मी जुनीच माहिती दिली. आणि शेवटी, "चार पोरं सांभाळली म्हणून कुणी मानसशास्त्रज्ञ होत नाही."

मार्शमॅलोचं मान्य. 2018 मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर तो पुन्हा तपासला तेव्हा घरची परिस्थिती वगैरे धरल्यावर थांबण्याचा पुढच्या यशाशी असलेला संबंध खूपच कमी झाला, हे लिहायला हवं होतं. चूक माझी, दुरुस्त करते.

पण ते शेवटचं वाक्य? चार नाही हो, 11 वर्षं बालवाडीत काढलीत मी, दरवर्षी पंचवीस-तीस मुलं. मानसशास्त्रज्ञ आहे असं मी कुठे म्हटलं ते दाखवा. आणि सांभाळणं म्हणजे नुसती नाकं पुसणं वाटतं का तुम्हाला?

माझा मुलगा नऊ-दहा महिन्यांचा असताना चमचा कसाही ठेवला तरी उजव्याच हाताने उचलायचा, दांडा डावीकडे असला की तोच तोंडात जायचा आणि मग भोकाड. दीड वर्षानंतर एकदा त्याचा उजवा हात अर्ध्यात थांबला, त्याने चमच्याकडे बघितलं आणि डावा पुढे केला. उचलायच्या आधी! 1999 च्या एका अभ्यासात अगदी हेच तपासलंय, 19 महिन्यांची मुलं बहुतेक वेळा दांडा कुठल्या बाजूला आहे ते बघून हात निवडतात. मला तो अभ्यास कितीतरी नंतर कळला, हात थांबलेला मी आधी पाहिला होता.

आणि वर्गातला एक साडेचार वर्षांचा मुलगा, त्याची किल्लीची गाडी एक दिवस नुसतीच पडून राहिली कारण किल्ली घरी, तर दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला मूठ उघडून दाखवली, रात्रीच उशाशी घेऊन झोपला होता म्हणे. तिसऱ्या वर्षी हे सहसा जमत नाही, चार-पाचला जमायला लागतं, आणि मी लेखात एवढंच म्हटलं होतं की त्या वयात मुलाला स्वतःची पिशवी स्वतः भरू द्या, विसरलं तर विसरू द्या.

पंचविशीबद्दल एवढंच, पक्का व्हायला उशीर लागतो म्हणजे तोवर तो भाग बंद असतो असं नाही. बाकीच्या मुद्द्यांना वेळ नाही.

पुढच्या वेळी लेखावर लिहा, जरूर उत्तर देईन. 'चार पोरं' मात्र परत नको.